पाटाची चावी आणि परक्याचा नियम

एन-हरूव
३१ जुलै १९६०

प्रिय नाझे आत्या,

तुझे दोन्ही हात कपाळाला लावून सुरुवात करतो. लिंबाच्या लोणच्याची बरणी पोचली. अर्धी वाटेतच सांडली होती, उरलेली अर्धी तुझ्या भाचेसुनेने, सिम्हाने, माझ्यापासून लपवून ठेवली आहे. सफरचंदं यंदा बरी आहेत, टोमॅटोंना मात्र पाणी कमी पडतंय.

पाण्याचंच लिहायला बसलोय. आमचे पाटकरी सालेहकाका आता थकले. झऱ्यापासून खालच्या शेतांपर्यंत पाटाच्या कडेने दिवसातून तीनदा चालणं त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही. वसंतापासून त्यांच्या जागी योसेफच पाहतोय. योसेफ आठवतो ना? हॉलंडचा, उंच, वल्हांडणाला तू आली होतीस तेव्हा तुझ्याकडून सारण भरून कुब्बे वळायला शिकत होता आणि ज्याच्या एकूण एक गोळ्याला भोक पडत होतं, तो. त्याच्या देशात म्हणे समुद्र अंगणातच असतो, त्यामुळे पाणी त्याचं ऐकतं. चार महिन्यांत पाण्याच्या पाळीवरून एकही डोकं फुटलेलं नाही. आपल्या लोकांत हे किती मोठं, ते तुला सांगायला नको.

सप्टेंबरात गावची सभा आहे. नवा पाटकरी नेमायचा आणि पाटाच्या दाराची चावी त्याच्या हाती द्यायची. ज्याला विचारावं तो म्हणतो, योसेफ. आणि इथेच माझा घास अडकलाय. आजोबांनी आम्हा पोरांना शिकवलं तेव्हा तूही ओट्यावर बसलेली असायचीस. राजा नेमायचा तर आपल्या भावांमधलाच नेमावा, परका नको. आणि राजाच कशाला, आपल्यावरचा कुठलाही अधिकार, अगदी शेतांना पाटाचं पाणी वाटून देणारासुद्धा. मला तेव्हा हसू फुटलं होतं. कुठे राजा नि कुठे पाटकरी! आता फुटत नाही. योसेफने आपला यहुदी धर्म मनापासून घेतला, आपल्यातच लग्न केलं, पण तो जन्माने आपला नाही आणि त्याची आईही आपली नव्हती.

सरळ तसं सांगावं, तर दुसरा नियम आडवा येतो. आपल्यात आलेल्या माणसाला त्याच्या मुळाची आठवण करून देऊन दुखवू नये. गावाने नऊ वर्षं हा नियम डोळ्यांत तेल घालून पाळलाय. म्हणजे आता नाही तर म्हणायचं, पण का नाही ते म्हणायचं नाही. प्रार्थनालयाची व्यवस्था माझ्याकडे, म्हणून हे लोढणं माझ्याच गळ्यात. तुझ्या गल्लीतल्या धर्मगुरूंना, हाखामांना, विचारून लवकर कळव.

तुझा भाचा
शाबो

ता. क. आणखी एकदोन नावं निघालीत, पण ती लिहिण्यासारखी नाहीत.


जेरुसलेम
९ ऑगस्ट १९६०

शाबो, माझ्या डोळ्यांतल्या उजेडा,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्यासाठी, दुसऱ्यांदा बाबांसाठी. काय दिवस होते! मोसुलकडच्या डोंगरातलं आपलं गाव, सात शेंबडी पोरं, आणि बाबा शिकवतायत राजा कसा नेमावा. आपला राजा जाऊन दोन हजार वर्षं झालेली आणि छपराला नवी तुळई घालायची तर जमिनीच्या मालकाच्या, आगाच्या, पाया पडावं लागायचं. मी विचारलं होतं, "बाबा, हे शिकून करायचंय काय?" तर म्हणाले, "ज्यांच्या डोक्यावर परका बसलाय, त्यांनाच हे नीट कळतं गं."

मग परका का नको, तेही सांगितलं होतं. तू झोपला असशील. परका वाईट असतो म्हणून नाही. आपल्या आगाने तसा फार छळ कधी केला नाही. पण दुष्काळाच्या वर्षी तो घोड्यावर बसला आणि मोसुलला बायकोच्या माहेरी निघून गेला. आपण कुठे जाणार होतो? बाबा म्हणायचे, ज्याला उठून जाता येतं, त्याच्या हाती आपलं पाणी देऊ नये. भावाला जाता येत नाही. गेला तरी त्याची आई इथेच असते, तिच्याकडे जाऊन त्याच्या नावाने खडे फोडता येतात.

आता तू म्हणशील, योसेफ तरी कुठे जातोय? तेच मी हाखामांना विचारलं. ते दाढी कुरवाळत बसले. मग म्हणाले, नेमणूक जन्मभराची आहे की वर्षाची? सभेला त्याला काढता येतं का? वर्षाची असेल आणि तो सभेच्या हाताखाली असेल, तर त्याला अधिकार म्हणायचं नाही, चाकरी म्हणायचं, असं मानणारे पुष्कळ आहेत. न मानणारेही आहेत. शेवटी तुमच्या गावच्या हाखामांनी ठरवावं, हे सांगून त्यांनी हात झटकले. मला तर वाट दिसते आहे. तुमच्या हाखामांपुढे हे ठेव.

तोवर तोंडाला कुलूप घाल. योसेफला काही बोलू नकोस, गावात कुजबूज करू नकोस. आणि हो, लिहिण्यासारखी नसलेली ती एकदोन नावं मला लिहून पाठव.

तुझी आत्या
नाझे


एन-हरूव
२९ ऑगस्ट १९६०

प्रिय आत्या,

उत्तराला उशीर झाला. वाईट घडलंय. आधी सगळं वाच आणि मग रागाव.

मी तोंड उघडलं नाही. शपथेवर सांगतो, एक शब्द बोललो नाही. पण परवाच्या शब्बाथला तोरातला नेमका राजा नेमण्याचाच भाग वाचायचा होता. योसेफ नऊ वर्षांपूर्वी याच आठवड्यात आपल्या धर्मात आला, म्हणून दरवर्षी या शब्बाथला तोराच्या गुंडाळीची पेटी उघडून वाचणाऱ्याच्या शेजारी उभं राहण्याचा मान त्याचा. मी विचार केला, सगळ्या गावासमोर तो तिथे उभा, आणि त्याच्या कानापाशी वाचलं जाणार, परक्याला नेमू नका. त्यात यंदा पाटकऱ्याचा विषय तोंडातोंडी. त्याला किती लागेल! म्हणून मी ऐन वेळी त्याच्या जागी पुढच्या बाकावरच्या मुरादला बोलावलं.

योसेफ अर्धा उठला होता. नवा पांढरा सदरा घातला होता त्याने. तो तसाच खाली बसला. आणि आत्या, सगळं प्रार्थनालय वळून त्याच्याकडे बघायला लागलं. जे नऊ वर्षांत कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, ते एका क्षणात सगळ्यांना आठवलं. मुराद पेटीपाशी गेला, तरी त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

काल सकाळी दार उघडलं, तर उंबऱ्यावर पाटाची चावी. चिठ्ठी नाही, काही नाही. योसेफ प्रार्थनेला येत नाही. त्याची बायको राहेल विहिरीवर सिम्हाकडे पाठ करून उभी राहते. दाराला कुलूप, म्हणून पाटाचा बांध ज्याला वाटेल तो फोडतोय आणि पाण्यावरून कालच दोघांची गचांडी धरून झाली.

मी त्याचं मन जपायला गेलो गं. माझं काय चुकलं?

तुझा
शाबो


जेरुसलेम
४ सप्टेंबर १९६०

शाबो,

आज डोळ्यांतला उजेड वगैरे काही नाही. कान इकडे कर, पिळायचाय.

तुझ्या पत्राच्या आधी सिम्हाचं कार्ड आलं. चारच ओळी होत्या. एक ओळ अशी: "आत्या, ते दुसरं नाव यांचंच आहे, आणि गेल्या हिवाळ्यापासून यांना त्या चावीची स्वप्नं पडतात." वा रे शहाण्या! मला विचारतोस शास्त्र काय म्हणतं, आणि शास्त्राच्या मागे लपून बसलाय कोण? बरं, मी वाट दाखवली होती. वर्षाची नेमणूक, सभेच्या हाताखाली. ती तुमच्या हाखामांपुढे ठेवलीस का? नाही ना? मला ठाऊक होतं.

पाटकरी व्हावंसं वाटणं पाप नाही रे. तुझ्या बापालाही हौस होती पुढे पुढे करायची. पण तुला चावी हवी होती म्हणून तुला तो नियम गोड लागला. आणि नियम गोड लागायला लागला की समजावं, आपल्या जिभेत काहीतरी बिघाड आहे.

तुला एक सांगते, जे तुझ्या बापालाही नीट माहीत नव्हतं. बाबा आजारी पडले त्या वर्षी पोरांना शिकवायला कुणी नव्हतं. येत होतं फक्त मला. राणी नेमायची नाही, तसा बाईच्या हाती कुठलाच अधिकार द्यायचा नाही, हेही त्याच नियमाच्या पोटात आहे, तुला ठाऊकच आहे. म्हातारे जमले. पण मला लागू नये म्हणून त्यांनी काय सांगावं? "नाझेची प्रकृती नाजूक आहे." मी तेव्हा दोन भरलेल्या घागरी घेऊन चढ चढत होते! सगळं गाव मला नाजूक म्हणायला लागलं. वाटेत भेटतील तिथे बसायला सांगायचे. मला इतका संताप यायचा की एक घागर कुणाच्या तरी डोक्यात घालावी.

मग बाबांनी मला जवळ बोलावलं. अंथरुणातून उठवत नव्हतं. म्हणाले, "नाझे, तुझ्यात काही कमी नाही. नियम आहे. मला तो बदलता येत नाही, आणि तुझ्याशी खोटंही बोलवत नाही." आम्ही दोघंही रडलो. दुसऱ्या गावाहून एक मास्तर आणला, तो मागल्या दाराने येऊन मला शब्दांचे अर्थ विचारून जायचा. पण त्या दिवसानंतर मला कधी आतून टोचलं नाही. नियमाने मला बाहेर ठेवलं, ते मी सोसलं. नाजूक म्हटलेलं अजून सोसवत नाही, आणि मी सत्तरीला आलेय.

तेव्हा जुन्या काळच्या आपल्या एका राजाची गोष्टही बाबांनी सांगितली होती. त्याचं कूळ धड आपलं नव्हतं. सणाच्या दिवशी सगळ्या लोकांपुढे उभं राहून तो हाच भाग वाचत होता आणि परक्याच्या वाक्याशी येऊन त्याचे डोळे भरले. लोक ओरडले, "भिऊ नका, तुम्ही आमचे भाऊ आहात!" पुढे शहाण्यांनी त्या लोकांना दोष दिला, कारण ते तोंडदेखलं बोलले होते. पण शाबो, त्या राजाने वाचायचं टाळलं नव्हतं. त्याला तेवढं कळत होतं. योसेफला ते वाक्य झेपणार नाही, हे तू कोण ठरवणार?

ऊठ, त्याच्या घरी जा. प्रार्थनालयात नको, पाटावर नको, घरी. मी योसेफला एक ओळ लिहिणार नाही. ते काम तुझं आहे.

रागावलेली, पण तुझीच
आत्या


एन-हरूव
१३ सप्टेंबर १९६०

आदरणीय नाझे आत्या,

मी योसेफ. सिम्हावहिनी म्हणाल्या की तुम्ही शाबोला फार कडक पत्र लिहिलंय आणि तो जेवत नाही. म्हणून लिहितो. त्याला जास्त रागावू नका. आणि हे पत्र त्याला दाखवू नका, ही विनंती.

परवा तो माझ्याकडे आला होता. म्हणाला, "त्या शब्बाथला तुला वाईट वाटू नये म्हणून मी तसं केलं, तरी तुला वाईट वाटलं, मला क्षमा कर." मी नाही म्हटलं. तो खरं बोलत होता, पण अर्धंच. मला कळतं. त्याला पाटाच्या दाराशी उगाच घुटमळताना मी चार महिने पाहिलंय.

आत्या, मी धर्म घेतला तेव्हा तिघा हाखामांनी मला समोर बसवून विचारलं होतं, "तुला आमच्यावर कधी नेमता येणार नाही, हे ठाऊक आहे ना?" मी हो म्हटलं. त्यांना वाटलं मी मन मोठं करून हो म्हणतोय. तसं नव्हतं. मी एकोणीस वर्षांचा असताना युद्धात जर्मनांनी आमच्या देशावर बाहेरून आणलेला माणूस नेमला. सुरुवातीला तो गोड बोलायचा. त्याच्या कचेरीतून कागद यायचे, आणि आमच्या गल्लीतलं कोणतं घर रिकामं करायचं ते त्यावर लिहिलेलं असायचं. समोरच्या घरातली माणसं मी पाहता पाहता गेली. त्या गल्लीत त्याचं कुणीच नव्हतं, मग त्याला काय वाटणार? पुढे इथे येऊन हा नियम वाचला, तेव्हा वाटलं, ज्याने हे लिहिलं त्याने आमची गल्ली बघितलेली असणार.

म्हणून मी त्या शब्बाथचा मान दरवर्षी मागून घेतो. ते वाक्य वाचलं जातं तेव्हा मला पेटीशी उभं राहायचं असतं. ते माझ्याविरुद्ध आहे असं मला कधी वाटलं नाही. माझ्यासारख्यावरही लागू होतं, ते होऊ दे. भिंत बांधायची तर कुणाच्या तरी अंगणातून जाणारच. सभेत मी स्वतःच नाही म्हणणार होतो. शाबोने सभेपर्यंत दम धरला असता, तर चावी त्याच्याकडेच गेली असती.

मला दुखलं ते वेगळंच. मी अर्धा उठलो होतो, आत्या. सगळे बघत होते.

कुब्बे अजून फाटतात. राहेल म्हणते हात मोठे आहेत.

आपला
योसेफ


एन-हरूव
२ ऑक्टोबर १९६०

प्रिय नाझे आत्या,

उपास सोडला, वर्ष नवं झालं, आता लिहायला तोंड आहे. सगळं सांगतो.

तुझं पत्र आल्यावर मी योसेफकडे गेलो होतो आणि हात हलवत परतलो, ते तुला कळवलं नव्हतं. लाज वाटली. मग सभा झाली. आमच्या हाखामांपुढे मी तुझी वाट मांडली, वर्षाची नेमणूक, सभेच्या हाताखाली. ते म्हणाले, चालेल. सगळे योसेफकडे वळले. तो उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "चालत असेल, पण मी घेणार नाही. ज्या नियमाची मला किंमत कळते, त्यातून माझ्यासाठी फट काढू नका. पाटात गाळ साचला तर बोलवा, फावडं घेऊन येईन." मग कुणीतरी म्हणालं, "तर मग शाबो."

आत्या, चावी खिशातच होती माझ्या. तीन आठवडे ती मांडीला लागत होती. मी उठलो आणि म्हणालो, "मला ही हवी होती. हवी होती म्हणूनच मला नियम आठवला. मुरादला पुढे बोलावलं तेव्हा योसेफचं मन जपायचं होतं हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं आत्ता सांगितलं. माझं नाव काढा." चावी टेबलावर ठेवली आणि बसलो. सिम्हा बायकांच्या बाजूला होती. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि लग्नानंतर इतक्या प्रेमाने बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. घरी गेल्यावर लोणच्याची बरणीही बाहेर आली.

मग नेमला कुणाला, तर खालच्या शेतांतल्या गुर्जीला! कारण एकच, तो सभेला नव्हता. दाढ काढायला तिबेरियाला गेला होता. संध्याकाळी सुजलेला गाल धरून परत आला तो पाटकरी झालेला. त्याला पाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पहिल्याच दिवशी वरचं दार उघडलं आणि खालचं बंद ठेवलं, मुरादच्या कोंबड्या पोहायला लागल्या. त्यामुळे रोज सकाळी पाटावर एका बाजूने मी उभा, दुसऱ्या बाजूने योसेफ. गुर्जी म्हणतो, गावाने मला चावी दिली आणि वर दोन सासवा दिल्या. पण आम्ही दोघं बोलायचो ते गुर्जीशी. एकमेकांशी नाही.

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्यांदा त्याच्या दारी गेलो. म्हणालो, "आता सगळं सांगितलंय, माफ कर." त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "माझं मत तुलाच होतं, शाबो. सभेत मीच तुझं नाव घेणार होतो." एवढं बोलला आणि नाही म्हणाला. दार लावून घेतलं. आत्या, तुला माहीत होतं का गं? तुझ्या गप्प बसण्यावरून आता वाटतंय, माहीत होतं.

परवा शुक्रवारी, मोठ्या उपासाच्या आदल्या दुपारी, तिसऱ्यांदा गेलो. माफी तीनदा मागायची असते, त्यापुढे मागणाऱ्यावर दोष राहत नाही. पण मला दोष उतरवायचा नव्हता. मला माझा मित्र परत हवा होता. तो अंगणात फावड्याला दांडा बसवत होता. मी म्हणालो, "योसेफ, तिसरी खेप. आज नाही म्हणालास तरी मी चौथ्यांदा येणार, पाचव्यांदा येणार."

त्याने फावडं खाली ठेवलं. म्हणाला, "बस. शाबो, नऊ वर्षांत या गावात माझ्याशी कुणी भांडलेलं नाही. मुरादची बकरी सालेहच्या शेतात शिरली तर दोघांनी एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरल्या. तीच बकरी माझ्या वांग्यांत शिरली तर मुराद रडवेला होऊन टोपलीभर डाळिंबं घेऊन आला. मला लागू नये म्हणून सगळं गाव माझ्याशी जपून बोलतं. मी नऊ वर्षं पाहुणाच आहे इथे. तू पहिला निघालास. माझ्यावर जळलास, माझा मान काढून घेतलास, माझ्याशी अर्धवट खोटं बोललास. मग दारात येऊन तोंड पाडून उभा राहिलास. मला इतका राग आला, इतका राग आला, आणि मग वाटलं, अरे, हे तर घरातलं भांडण! इतक्या लवकर संपवायचं कशाला? म्हणून दोनदा नाही म्हणालो."

मला रडू फुटलं, मी रडलो. त्याने मला धरलं. त्याच्या हातांना दांड्याचं तेल होतं, माझा सणाचा सदरा गेला कामातून.

मग म्हणाला, "माफ केलं. पण टोमॅटोंना तू दुपारचं पाणी देतोस, त्यात तू गाढव आहेस. तिथे माफी नाही."

मी म्हणालो, "गाढव कोण? तुमच्या हॉलंडात ऊन तरी पडतं का?" जीभ चावली, पण शब्द निघून गेला होता. योसेफ असा खदाखदा हसला की राहेल धावत बाहेर आली, आणि पुन्हा टोमॅटोंवरून मला शिव्या द्यायला लागला.

आत्या, उपासाआधीच्या जेवणाला बायकांनी तीनदा हाका मारल्या तरी आम्ही भांडतच होतो.

तुझा
शाबो